वहिनींचा ड्रायव्हर

आमच्या गावाचे नाव नावडे. ज्याने हे नाव ठेवले त्याला गाव आवडले नसावे, असा विनोद आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा पाहुणा पहिल्या चहाबरोबर करतो, आणि आम्हीही तो प्रथमच ऐकत असल्यासारखे हसतो. गाव पनवेल तालुक्यात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. सिडकोने आखलेल्या सेक्टरांतून आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड नावाचे स्टेशन आहे, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूरची मेट्रो जवळच्या पेंधरपर्यंत येते. एका अंगाला रसायनांचे टँकर, दुसऱ्या अंगाला कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रेलर. त्यामुळे ‘ड्रायव्हर’ हा शब्द कानी पडला की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे खांद्यावर टॉवेल टाकलेला, ढाब्यावर चहा पिणारा एक गृहस्थच उभा राहतो. संगणकाच्या पोटातही ड्रायव्हर असतो आणि एखाद्या रात्री तोही गाडी सोडून नाहीसा होतो, हे येथे समजावून सांगणे किती कठीण आहे, ते मला गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कळले.

आमच्या शेजारच्या वहिनी फराळाच्या ऑर्डरी घेतात. नाव सांगत नाही. चकलीवरून ओळखणारे ओळखतीलच. त्यांचे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यातून भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. त्याने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आईला दिला. वहिनींनी काही वर्षांपूर्वी एमएस-सीआयटीची परीक्षा दिलेली आहे आणि तिचे प्रमाणपत्र देवघराशेजारी चौकटीत लावलेले आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने आपल्याकडच्या कितीतरी गृहिणींना की-बोर्डाची भीती घालवून दिली, हे मान्य केले पाहिजे. वहिनी तक्ते करतात, बेरजा लावतात. यंत्र चालू असेपर्यंत त्या कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. पण ते बिघडले म्हणजे काय करावे, हा धडा सहसा कोणी शिकवीत नाही, आणि शिकवला तरी बिघाडाच्या दिवशी तो आठवत नाही.

त्या लॅपटॉपात एक तक्ता होता. एकसष्ट घरे. कोणाला भाजणीची चकली दोन किलो, कोणाला अनारसे, कोणाच्या चिवड्यात शेंगदाणे नकोत, कोणाच्या शंकरपाळ्यांत साखर कमी. कोणी अर्धे पैसे आगाऊ दिले, कोणी गेल्या वर्षीचे अजून दिले नाहीत. हे सारे तेवढ्या एकाच ठिकाणी होते. वसुबारसेला तीन आठवडे उरले असता वहिनींनी एका सकाळी झाकण उघडले, तर अक्षरे भाकरीएवढी झालेली! तक्त्यातली पहिली दोनच घरे पडद्यावर मावत होती. चित्र आडवे ताणल्यासारखे दिसत होते, उजेड कमी करता येत नव्हता, आणि रंगांवर एक निळसर झाक आली होती.

यजमानांनी तत्काळ निदान केले. “ही एमआयडीसीची हवा.” त्यांना २०१७ चा ऑगस्ट आठवला. त्या महिन्यात तळोज्याच्या वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती. कासाडी नदीत सोडलेल्या कारखान्याच्या रंगाच्या पाण्याने ती निळी झाली होती. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारवाई करावी लागली. “कुत्रं निळं होतं तर पडदा का नाही होणार?” असा त्यांचा सवाल. हा तर्क अगदीच टाकाऊ नव्हे. रासायनिक वायूंनी यंत्रांतले तांबे आणि चांदी खरोखरच गंजते. पण गंज महिनोन् महिने चढतो. तो रात्री साडेअकराला नीट असलेला पडदा सकाळी सातला बिघडवीत नाही.

लॅपटॉप बाजारातल्या एका दुकानात गेला. दुकानदाराने तो उघडला, मान हलवली आणि “डिस्प्ले गेला” एवढेच म्हणाला. नवा पडदा साडेआठ हजार, चार दिवस लागतील, आणि जाता जाता सारे पुसून नव्याने भरून देऊ. आतल्या तक्त्याचे काय, असे वहिनींनी विचारले. “त्याची गॅरंटी नाही.” वहिनी लॅपटॉप पिशवीत घालून परत आल्या. साडेआठ हजार म्हणजे किती किलो चकली, हा हिशेब त्यांनी रिक्षातच केला असणार.

यापुढचा प्रसंग त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितला, तोही यजमान बाहेर गेलेले पाहून. घरी आल्यावर त्यांनी मोबाइलवर मदतीचा नंबर शोधला. सापडला. फोनवरचा गृहस्थ फार गोड बोलला. “मॅडम, काळजी करू नका, हे नेहमीचं आहे,” म्हणाला. मोबाइलवर एक अॅप घ्यायला सांगितले, म्हणजे त्याला तिकडून पडदा दिसेल. मग नोंदणीचे फक्त दहा रुपये भरायचे. वहिनी अॅप घेणार, तोच गॅसवरच्या कढईतले तेल धुरकटले. त्या आत धावल्या आणि फोन तसाच बंद पडला. त्या तेलाला मी मनोमन नमस्कार केला आहे. दहा रुपये हे केवळ निमित्त असते. ते भरताना तुमचा गुप्त आकडा आणि बँकेचे खाते त्या अॅपमधून पलीकडच्याला दिसते, आणि मग तो दहावर थांबत नाही. अशा अॅपांच्या आडून होणाऱ्या चोरीविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, तेव्हा तेथली पोरे करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना फोनवरून लुबाडत होती, असे उघड झाले. तिकडच्या आजीबाईंना घाबरवून झाले, आता इकडच्यांची पाळी. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवता येण्याची आशा अधिक.

मला विचारले तर बिघडलेल्या पडद्यापेक्षा हा घाबरलेला अर्धा तास अधिक धोक्याचा. यंत्र बिघडते तेव्हा माणसाला प्रथम वाटते की आपल्याच हातून काहीतरी झाले. वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे पहिले वाक्य हेच होते. “भाऊजी, मी काही दाबलं नाही हो.”

त्यांनी काही दाबले नव्हतेच. त्या लॅपटॉपात रात्री आपोआप एक नवी सुधारणा उतरली होती. तिच्याबरोबर पडद्याचा नवा ड्रायव्हर आला आणि तो त्या जुन्या यंत्राशी जुळला नाही.

“ड्रायव्हर?” यजमान म्हणाले. “मग दुसरा ठेवा. आपल्याकडे काय तोटा आहे ड्रायव्हरांना?”

मी त्यांना रायगडावर नेले. आपला जिल्हाच रायगड, तेव्हा दाखला घरचाच. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर आला होता. त्याला मराठी येत नव्हते आणि दरबाराला इंग्रजी. मध्ये नारायण शेणवी नावाचे दुभाषी होते. संगणकात तसेच असते. एका बाजूला विंडोज, म्हणजे सगळा कारभार पाहणारी यंत्रणा. दुसऱ्या बाजूला चित्र काढणारी चकती, तिची भाषा निराळी. दोघांमधला दुभाषी तो ड्रायव्हर. आता कल्पना करा की दुभाषी आजारी पडला. वकील मुका झाला का? नाही. दरबार मोडला का? तोही नाही. फक्त खाणाखुणांनी बोलावे लागेल आणि बारीकसारीक काही कळणार नाही. विंडोज अशा वेळी आपला एक कामचलाऊ दुभाषी पुढे करते. त्याला मोठी अक्षरे आणि ठळक चित्रे एवढेच येते, उजेड कमीजास्त करणे त्याला माहीत नसते. म्हणून भाकरीएवढी अक्षरे.

“म्हणजे पडदा गेलेला नाही?” वहिनींनी विचारले.

ते तपासून पाहायचे होते, आणि त्याला साडेआठ हजार लागत नाहीत. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की पहिली काही क्षणे कंपनीचे बोधचिन्ह दिसते. त्या वेळी विंडोज अजून जागे व्हायचे असते, तो नवा ड्रायव्हरही कामावर आलेला नसतो. बोधचिन्ह स्वच्छ, रेखीव, रेघांवाचून दिसले तर पडदा बहुधा धडधाकट आहे. वहिनींच्या यंत्रावर ते आरशासारखे लख्ख दिसले. याउलट बोधचिन्हावरही पट्टे असतील, किंवा झाकण मागेपुढे करताना चित्र थरथरत असेल, तर बिजागरीतून जाणारी वायर किंवा पडदाच दुखावलेला असतो आणि मग दुकानाला पर्याय नाही. पडदा सतत लुकलुकत असेल तर आणखी एक तपासणी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तोही बाकीच्यांबरोबर लुकलुकला तर दोष ड्रायव्हरचा. तो एकटा स्थिर राहिला तर एखाद्या प्रोग्रामचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, रागावू नये. संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या आप्तेष्टांची एक जात असते. भाचा, जावई, वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा. हे वीर येतात, यंत्र आपल्या मांडीवर ओढतात, खटाखट बटणे दाबतात, “झालं!” म्हणतात आणि चहा न घेता निघून जातात. काय झाले ते कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांची वाट पाहावी लागते. मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वहिनींच्या खुर्चीमागे उभा राहिलो. बटणे त्यांनी दाबायची, मी सांगायचे. याला वेळ तिप्पट लागतो आणि जीभ दाबून धरावी लागते.

सर्वांत आधी तक्ता. “तो पेन ड्राइव्हवर घ्या,” म्हटले. मोठ्या अक्षरांतही तो उघडत होता, तेव्हा नकल काढायला काहीच अडचण नव्हती. नकल उतरल्यावर वहिनींचा चेहरा जो मोकळा झाला, तो पाहून मला वाटले की निम्मे काम येथेच संपले. दुकानदाराने हे सांगितले असते तर! पण ते असो.

मग विंडोजची खूण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबायला सांगितली. याने ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, टुक असा आवाज येतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. येथे भागले नाही. ड्रायव्हर झोपलेला नव्हता, पळालेला होता. मग स्टार्टच्या खुणेवर उजवे बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडला. त्यात डिस्प्ले अॅडॅप्टर्स या ओळीखाली एका नावापुढे पिवळा त्रिकोण बसला होता. “हा बघा, फरारी,” मी म्हटले. त्याच्या माहितीत रोल बॅक ड्रायव्हर असे एक बटण असते. ते दाबले की आधीचा ड्रायव्हर कामावर परत येतो. वहिनींच्या नशिबी ते बटण करडे, निर्जीव पडलेले होते. जुन्याची नकल यंत्राने ठेवलेलीच नव्हती.

“आता हो?” यजमान म्हणाले.

आता लॅपटॉप उलटा. पाठीवर एक लेबल असते, त्यावर मॉडेलचा क्रमांक मुंगीच्या अक्षरांत छापलेला असतो. यजमानांनी विजेरी धरली. पस्तीस वर्षे पिंपांवरचे क्रमांक वाचून त्यांची नजर तयार होती, त्यांनी तो एका दमात वाचला. तो क्रमांक घेऊन थेट लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे आणि त्याच यंत्रासाठी दिलेला ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट दुरुस्त करतो’ अशा जाहिराती शोधताना वर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि नवा तो चांगला असेही येथे नसते. लॅपटॉप करणारे पुष्कळदा आपल्या यंत्रापुरता ड्रायव्हर जुळवून घेतात, त्यामुळे त्यांच्या पानावरचा जुना दिसणारा ड्रायव्हरच नेमका बसतो.

“पण बिघडलेलाच ड्रायव्हर कोणी नीट का करत नाही?” वहिनींनी उतरवणे चालू असताना विचारले. प्रश्न मार्मिक होता. बऱ्याच ड्रायव्हरांची कृती गुप्त असते, बाहेरच्याला ती पाहताच येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक छापणारा यंत्रराज आला होता. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तेथल्या तरुणाला त्याच्या प्रोग्रामात सुधारणा करायची होती, म्हणजे कागद अडकला की लोकांना आपोआप कळेल. प्रोग्रामची कृती ज्याच्याजवळ होती त्याने ती देण्यास नकार दिला. गुप्ततेचे वचन दिले होते म्हणाला. स्टॉलमनला ते इतके लागले की १९८३ साली त्याने सर्वांना कृती उघडी असलेली एक संपूर्ण प्रणालीच लिहायची घोषणा केली. आज जगभर चालणाऱ्या लिनक्स यंत्रणेत त्या कामाचा मोठा वाटा आहे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. “बरोबरच आहे त्या कंपनीचं,” त्या म्हणाल्या. “मी तरी भाजणीचं प्रमाण कोणाला सांगते?” यावर मी काय बोलणार?

उतरवणे संपल्यावर वायफाय बंद केले, नाहीतर विंडोज मध्येच आपला तोच वाह्यात ड्रायव्हर पुन्हा आणून बसवायचे. बिघडलेला काढून टाकला, त्याची फाइलही पुसण्याची खूण केली, आणि यंत्र एकदा बंद करून सुरू केले. मग नवा ड्रायव्हर बसवायला घेतला. यात एक क्षण असा येतो की पडदा पूर्ण काळा होतो. पाच सेकंद, कधी दहा. ज्याला ठाऊक नाही तो या क्षणी बटण दाबून यंत्र बंद करतो आणि खरे नुकसान करून बसतो. मी आधी सांगून ठेवले होते. तरी पडदा काळा झाला तेव्हा वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि यजमानांनी विजेरी लावली. मग उजेड आला. एकसष्ट घरांपैकी तीसेक घरे एकदम पडद्यावर उभी राहिली, बारीक, सुबक, ओळीने. निळसर झाकही गेली.

“गेल्या वर्षीचे पैसे न देणारे अजून तसेच दिसतायत,” यजमान म्हणाले.

आपल्याच यंत्राला असे होते असे वहिनींना वाटू नये म्हणून मी त्यांना १९ जुलै २०२४ चा शुक्रवार सांगितला. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सुरक्षेची प्रणाली जगातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांत बसवलेली होती. तीही ड्रायव्हरसारखीच विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करते. तिच्यासाठी एक सदोष फाइल पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय काय होता? पुष्कळ ठिकाणी माणसांनी एकेका यंत्रापुढे बसून ते सुरक्षित अवस्थेत सुरू करायचे आणि ती एक फाइल हाताने पुसायची. मोठ्या मोठ्या कंपन्यांचे पगारदार अभियंतेही त्या दिवशी वहिनींसारखेच एक एक बटण दाबीत बसले होते.

शेवटी सुधारणा पाच आठवडे थांबवण्याची सोय विंडोजमध्ये असते, ती वापरली. सुधारणा कायमच्या बंद करणे शहाणपणाचे नाही. त्यांत सुरक्षेची कुलपेही असतात. पण पाच आठवड्यांत भाऊबीज निर्धास्त उरकत होती.

वहिनींनी हे सारे आपल्या पाककृतींच्या वहीत लिहून ठेवले. अनारशाच्या पिठानंतर आणि ओल्या नारळाच्या करंजीच्या आधी ‘पडदा मोठा झाल्यास’ असे शीर्षक देऊन. साहित्य या सदरात त्यांनी लिहिले आहे: पेन ड्राइव्ह, विजेरी, पाठीवरचा क्रमांक. ‘फोनवर कोणी पैसे मागितल्यास’ यापुढे एकच शब्द आहे, तो येथे छापण्याजोगा नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या गुळपोळ्यांच्या ऑर्डरी चालू असताना अक्षरे पुन्हा एकदा मोठी झाली. मी त्या दिवशी गावी गेलो होतो. रात्री वहिनींचा फोन आला. मदतीसाठी नव्हे. पडदा काळा पडला तो या खेपेस फार वेळ काळा राहिला, एवढे त्यांना विचारायचे होते.

“किती वेळ?” मी म्हटले.

“एक पोळी भाजून होईपर्यंत,” वहिनी म्हणाल्या. “दुसरी तव्यावर टाकली आणि आला.”